सूनबाईच्या दवाखान्यासाठी ऑटोक्लेव्ह: काय घेतलं, काय नाकारलं

पालिकेच्या रुग्णालयात माझ्या नोकरीची शेवटची बरीच वर्षं सीएसएसडीत गेली. थिएटरची हत्यारं, ड्रेसिंगचे ड्रम, गाऊन, सगळं धुऊन, बांधून, वाफेतून काढून पुन्हा वॉर्डात पाठवणारं ते खातं. सुनेनं गिरगावात दातांचा दवाखाना काढायचं ठरवलं, तेव्हा खुर्ची, एक्स-रे, कॉम्प्रेसर हे तिनं तिच्या बॅचच्या मंडळींना विचारून घेतलं. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र, मात्र "आई, हे तुम्हीच बघा" म्हणून माझ्याकडे आलं. मी ते काम मनापासून केलं. दवाखान्यातलं दुसरं कुठलंही यंत्र बिघडलं तर लगेच कळतं. खुर्ची वर जात नाही, दिवा लागत नाही. निर्जंतुकीकरण बिघडलं तर काहीच दिसत नाही. हत्यार चकचकीत असतं, ते ज्यात बंद करतात तो कागद-प्लॅस्टिकचा पाउच छान चिकटलेला असतो, यंत्रावर हिरवा दिवा लागलेला असतो. आणि ते हत्यार पुढच्या पेशंटच्या तोंडात जातं.

शेवटी घेतलं ते भारतीय बनावटीचं, २२ लिटरचं, क्लास बी प्रकारचं (हे वर्ग पुढे सांगते) टेबलटॉप ऑटोक्लेव्ह. त्यानं आता दुसरा पावसाळा पाहिला आणि मी समाधानी आहे. काही तक्रारी आहेत, त्या पुढे येतील. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच कंपनीचं यंत्र एका विक्रेत्याकडून घेतलं तर माणूस दुसऱ्या दिवशी येतो आणि दुसऱ्याकडून घेतलं तर फोनही उचलला जात नाही, हे मी नोकरीत पुरेसं बघितलं आहे. शिवाय मॉडेलं बदलत राहतात. यंत्र कशावरून पसंत केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही कुठल्याही दुकानात उभे असलात तरी उपयोगी पडेल.

सुरुवात प्रिन्सेस स्ट्रीटपासून केली. मरीन लाइन्सला उतरून चालायला लागलं की औषधांची आणि सर्जिकलची दुकानं सुरू होतात. बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न "बजेट काय?" एकाच दुकानातल्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "सिस्टर, आत काय ठेवणार?" प्रश्न खरा हाच आहे. अर्ल स्पॉल्डिंग यांनी १९६८ मध्ये केलेली वर्गवारी आम्हाला नर्सिंगमध्ये शिकवली होती आणि आजही जगभर तीच चालते: जे रक्तात, हाडात, उतीत शिरतं ते निर्जंतुकच हवं, जे तोंडातल्यासारख्या नाजूक ओल्या त्वचेला नुसतं लागतं त्याला किमान वरच्या दर्जाचं जंतुनाशन हवं, आणि ते उष्णता सोसत असेल तर त्यालाही वाफच द्यावी. दातांच्या दवाखान्यात दात काढायचे चिमटे, दात सैल करायचे एलिव्हेटर, दात साफ करायच्या स्केलरच्या टिपा, रूट कॅनालच्या फाइल, मिरर आणि प्रोब हे सगळं वाफेत जाणारं आहे. आणि एअरोटर. दात कोरायचा तो हँडपीस आतून पोकळ असतो, त्यात हवेची आणि पाण्याची बारीक नळी असते, आणि तो थांबतो त्या क्षणी तोंडातली लाळ, रक्त थोडंसं आत ओढलं जाऊ शकतं. म्हणून त्याला नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून पुढच्या पेशंटला वापरणं मला अजिबात मान्य नाही. सुनेलाही नाही, म्हणून तिनं सुरुवातीलाच जास्तीचे हँडपीस घेतले.

पर्याय म्हणून जे दाखवलं गेलं त्यातलं बरंच पाच मिनिटांत बाजूला पडलं. पाणी उकळायचा स्टीलचा डबा अजून "स्टरिलायझर" म्हणून विकला जातो. पाणी १०० अंशांवर उकळतं आणि धनुर्वातासारख्या जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची चिवट कवचातली सुप्त रूपं, त्यात जिवंत राहू शकतात, त्यामुळे तो विषय संपला. निळ्या दिव्याचं यूव्ही कपाट दिसायला फार छान असतं, पण प्रकाश पडेल तेवढ्याच पृष्ठभागावर त्याचं काम. चिमट्याच्या सांध्यात, नळीच्या आत तो पोचत नाही. आधीच निर्जंतुक झालेलं ठेवायला हवं तर वापरा. काचेच्या मण्यांचं छोटं यंत्र फाइलचं टोक तापवतं, मूठ तशीच राहते. ग्लुटाराल्डिहाइडच्या २ टक्के द्रावणात खरं निर्जंतुकीकरण हवं असेल तर हत्यार १० तास बुडवून ठेवावं लागतं, मग निर्जंतुक पाण्यानं धुवावं लागतं, आणि एवढं करून ते पाउचमध्ये बंद करून ठेवता येत नाहीच. त्याच्या वाफेनं डोळे आणि घसा किती चुरचुरतो ते जुन्या एंडोस्कोपी रूममध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. फॉर्मेलिनच्या गोळ्या टाकलेला डबा तर घरातही आणू नये. फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणारा म्हणून वर्गवारीत आहे. हॉट एअर ओव्हनला १६० अंशांवर २ तास लागतात, शिवाय हँडपीस त्या कोरड्या उष्णतेत खराब होतो.

मग उरते वाफ. १८७९ मध्ये पॅरिसमध्ये पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी ऑटोक्लेव्ह बनवलं, तेव्हापासून तत्त्व बदललेलं नाही. वाफ थंड धातूला लागली की पाणी होते आणि होताना आपली सगळी उष्णता तिथे सोडते. नुसती तापलेली हवा हे करू शकत नाही, म्हणून ओव्हनला तास लागतात आणि वाफेला मिनिटं. १२१ अंशांना १५ पौंड दाब, १५ ते ३० मिनिटं, बांधलेल्या वस्तूला जास्त. १३४ अंशांना साधारण ३० पौंड दाब आणि किमान ३ मिनिटं. हे आकडे प्रत्येक विक्रेत्याला पाठ असतात. वाफेच्या आणि हत्याराच्या मध्ये जी हवा अडकते तिच्याबद्दल मात्र दुकानात कुणी आपणहून बोलत नाही.

उभं, कुकरसारखं ऑटोक्लेव्ह इथेच हरतं. घरच्या कुकरला शिटी लावण्याआधी आपण वाफेची सरळ धार येऊ देतो, ती आतली हवा निघून जावी म्हणून. या यंत्रातही कॉक उघडा ठेवून हवा जाऊ द्यायची असते, पण ती गेली की नाही हे माणसाच्या अंदाजावर. आता हे बघा: काट्यावर १५ पौंड दिसतायत. हवा पूर्ण गेली असेल तर आत १२१ अंश आहेत. अर्धीच गेली असेल तर ११२. अजिबात गेली नसेल तर जेमतेम १०० अंश, म्हणजे तो उकळायचा डबाच. काटा तिन्ही वेळा एकच आकडा दाखवतो. जुन्या पुस्तकांतला हा तक्ता मी प्रत्येक नव्या वॉर्डबॉयला आणि मावशींना समजावून सांगायची, आणि त्यांना तो चटकन कळायचा, कारण घरात कुकर सगळ्यांच्या होता. किमतीला हे यंत्र फार स्वस्त आहे आणि गावाकडे वीज नसेल तिथे स्टोव्हवरही चालतं, त्याचे उपकार मोठे आहेत. न बांधलेल्या, भरीव हत्यारांसाठी, कॉक नीट सांभाळणारा माणूस असेल तर चालेल. एअरोटरसाठी नाही. आणि त्यात वाळवायची सोय नसते, पाउच ओलेच बाहेर येतात.

टेबलटॉप यंत्रांत तीन वर्ग असतात, ते ईएन १३०६० या युरोपीय मानकानं ठरवले आहेत. हे मानक छोट्या स्टीम स्टरिलायझरसाठीच आहे. एन म्हणजे न बांधलेली भरीव हत्यारं, ती काढल्या काढल्या वापरायची. एस म्हणजे कंपनी जेवढं लिहून देईल तेवढंच, म्हणून तिथे कागद नीट वाचायचा. बी म्हणजे पंप आतली हवा ओढून काढतो, वाफ सोडतो, पुन्हा ओढतो, असं दोन-तीनदा करून मगच तापमान चढवतो. त्यामुळे पोकळ नळीत, कापडात, बंद पाउचमध्ये वाफ पोचते आणि शेवटी तोच पंप ओलावा ओढून वाळवतो. एन आणि बी यांच्या किमतीत बराच फरक आहे आणि दुकानदार "मॅडम, छोट्या क्लिनिकला एन पुरे" म्हणतात. ज्या दवाखान्यात हँडपीस आहे त्याला पुरत नाही. बी वर्गाचं आमचं यंत्र लाखाच्या वर गेलं. सुनेच्या कर्जाचा हप्ता मला ठाऊक आहे, तरीही खुर्ची थोडी साधी घे पण यात हात आखडू नकोस, असं मी तिला सांगितलं आणि तिनं ऐकलं.

क्लास बी असं लिहिलेली सगळी यंत्रं मात्र बी नसतात. स्टिकर लावायला काय लागतं?

म्हणून डेमोला जाताना मी माझी पिशवी घेऊन जायची. त्यात हेलिक्स असायची. ती १.५ मीटर लांबीची बारीक नळी असते, आतला व्यास २ मिलिमीटर, एक टोक उघडं आणि दुसऱ्या टोकाला छोटी बंद डबी. डबीत रंग बदलणारी पट्टी ठेवायची. एवढ्या लांब नळीतली हवा काढून वाफ डबीपर्यंत पोचली तरच पट्टी पूर्ण बदलते. प्रिन्सेस स्ट्रीटवर मागितली तर मिळते, पट्ट्या वेगळ्या घ्याव्या लागतात. बरोबर तापमान, वेळ आणि वाफ तिन्ही पाहणाऱ्या पाचव्या प्रकारच्या इंडिकेटरच्या पट्ट्या, थोडे पाउच, सुनेच्या जुन्या फोर्सेप्स आणि एक बंद पडलेला एअरोटर. विक्रेत्यांना मी एकच सांगायची: तुमचं रिकामं यंत्र चालवून दाखवू नका, ही पिशवी भरून चालवा, मी इथे बसते. दोघांनी वेळ नाही म्हणून टाळलं. अंधेरी एमआयडीसीतल्या एकाच्या डेमो रूममध्ये पडद्यावर १३४ आलं, सायकल, म्हणजे यंत्राची एक फेरी, पूर्ण झाल्याचा आवाज झाला, आणि हेलिक्सची पट्टी अर्धीच बदललेली निघाली. तो मुलगा म्हणाला, "सिस्टर, १३४ दाखवतंय ना, मग झालं! तुमची पट्टी जुनी असेल." त्याच पाकिटातली पट्टी दुपारी दुसऱ्या विक्रेत्याकडच्या यंत्रात पूर्ण काळी झाली, पाउच हाताला कोरडे लागले. ते यंत्र आम्ही घेतलं.

मोठ्या रुग्णालयात हेच काम बोवी-डिक चाचणी करते. जे. एच. बोवी आणि जे. डिक या दोघांनी ती १९६३ मध्ये मांडली. सकाळी पहिला लोड, म्हणजे पहिली खेप, तोच: रिकाम्या चेंबरमध्ये तो एक पुडा, १३४ अंश, साडेतीन मिनिटं, आणि आतल्या कागदावरचा रंग मध्यापासून कडेपर्यंत एकसारखा बदलला तरच त्या दिवशी यंत्राला हात लावायचा. मध्ये फिका डाग दिसला की तिथे हवा अडकली होती. थिएटर कितीही खोळंबलं असलं, सर्जन कितीही रागावले तरी आमच्या इन्चार्ज सिस्टर लोड सोडायच्या नाहीत. त्या बाईंकडून मी हे शिकले.

पट्ट्यांबद्दल एक गैरसमज दवाखान्यादवाखान्यांत दिसतो. पाउचवरची किंवा चिकटपट्टीवरची रेघ रंग बदलली की हत्यार निर्जंतुक झालं असं मावशी समजतात, कधी डॉक्टरही. ती पहिल्या प्रकारची खूण आहे. हा पाउच यंत्रात जाऊन आला एवढंच ती सांगते, जेणेकरून झालेलं आणि न झालेलं मिसळू नये. तापमान, वेळ आणि वाफ तिन्ही पाहणारी पट्टी वेगळी, ती पाउचच्या आत ठेवायची. आणि खरी परीक्षा जिवंत बीजाणूंची. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाचा जिवाणू आहे, माणसाला तो काही करत नाही पण वाफेला सगळ्यात चिवट. त्याची कुपी लोडमध्ये ठेवायची, मग छोट्या इन्क्युबेटरमध्ये ५५ ते ६० अंशांना ठेवायची. जांभळी राहिली तर बीजाणू मेले, पिवळी झाली तर जगले. शेजारी यंत्रात न घातलेली एक कुपीही ठेवायची आणि ती पिवळी व्हायलाच हवी, नाहीतर कुप्याच मेलेल्या आल्या असं समजायचं. आमच्याकडे हे आठवड्यातून एकदा होतं, सोमवारी. विक्रेत्यानं इन्क्युबेटर यंत्राबरोबर देऊ केला नव्हता, मी मागून घेतला. भाव करताना दोन-चार हजार कमी करून घेण्यापेक्षा हे मागा.

यंत्राचा प्रिंटर मला रंगीत पडद्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. हो, आता ऑटोक्लेव्हला रंगीत टचस्क्रीन येतात. आमच्या यंत्राला साधा पडदा आहे, पण प्रत्येक सायकलचा दाब, तापमान, वेळ कागदावर येतो आणि पेन ड्राइव्हमध्येही जातो. मी परळची. हाफकिन इन्स्टिट्यूटवरून शाळेत जायचे आणि त्या नावामागची गोष्ट वडिलांनी लहानपणीच सांगितली होती. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ माणसं धनुर्वातानं गेली. सगळ्यांना टोचलेली लस एकाच बाटलीतली. लस परळच्या प्रयोगशाळेतली, म्हणून ठपका ती लस तयार करणाऱ्या हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर केलं गेलं. बाटलीचं बूच काढायचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तोच वापरला, हे पुढे आलं, आणि हाफकिन यांच्यावरचा दोष १९०७ मध्ये दूर झाला. एक चिमटा. मी मावशींना हीच गोष्ट सांगते आणि मग वही हातात देते: तारीख, लोड क्रमांक, आत काय होतं, पट्टी चिकटवलेली, सही. पाउचवर तोच लोड क्रमांक. उद्या कुणी विचारलं, किंवा एखादी कुपी पिवळी निघाली, तर कुठली हत्यारं परत मागवायची ते पाच मिनिटांत सापडलं पाहिजे. प्रिंटरचा थर्मल कागद काही महिन्यांत फिका पडतो, ही माझी पहिली तक्रार. पेन ड्राइव्हवरून महिन्याला उतरवून ठेवावं लागतं.

बसवताना जे लागलं ते मुंबईत दवाखाना असणाऱ्यांनी आधी मोजून घ्यावं. जागा गिरगावातल्या जुन्या इमारतीतला तळमजल्याचा गाळा, वायरिंग जुनं. यंत्र दोन किलोवॉटच्या वर ओढतं, त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, स्वतंत्र एमसीबी आणि खरं अर्थिंग लागतं. बेस्टकडे मंजूर भार किती आहे ते पाहून, एसी आणि कॉम्प्रेसर धरून बेरीज करून मगच पॉइंट काढला. ओटा नेहमीचा दोन फुटी केला असता तर यंत्र पुढे आलं असतं आणि दार उघडल्यावर मावशींना उभं राहायला जागा उरली नसती, म्हणून तो खोल करून घेतला. मागे आणि वर मोकळी जागा हवी. खोलीत उष्णता चांगलीच होते, पंपाचा आवाजही येतो. पेशंटच्या खोलीत ते ठेवू नये. आमच्याकडे आतल्या खोलीत आहे आणि तिथे एक्झॉस्ट लावला आहे.

पाण्यानं अर्धी यंत्रं मरतात. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाचं तलावाचं पाणी येतं, ते बोअरवेलच्या मानानं बरंच मऊ, म्हणून काही जण नळाचंच घालतात. वर सांगितलेल्या ईएन १३०६० मानकात आत घालायच्या पाण्याची विद्युतवाहकता सेंटिमीटरला १५ मायक्रोसीमेन्सपेक्षा कमी सांगितली आहे, म्हणजे टीडीएस मीटरवर साधारण सात-आठ. नळाचं पाणी त्याच्या कितीतरी वर असतं. घरच्या आरओचं पाणीही चवीसाठी त्यात क्षार ठेवलेले असल्यामुळे बसत नाही. एसीतून ठिबकणारं पाणी काही ठिकाणी वापरतात, त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू येतो, नकोच. आम्ही डिस्टिल्ड पाण्याचे कॅन आणतो आणि प्रत्येक कॅन मीटरनं तपासतो, कारण "डिस्टिल्ड" लिहिलेल्या एका कॅनमध्ये मीटरनं चाळीसच्या पुढे दाखवलं होतं. चेंबरमध्ये पांढरट थर, हत्यारांवर तपकिरी डाग, बंद पडणारे व्हॉल्व्ह, हे सगळं बहुतेक वेळा पाण्यामुळे. वापरलेलं पाणी वेगळ्या टाकीत जमतं आणि ती टाकी लहान आहे, सारखी ओतावी लागते. ही दुसरी तक्रार. ते पाणी पुन्हा वरच्या टाकीत घालायचं नाही, हे टाकीवर मराठीत लिहून चिकटवलं आहे. कंपनीची पुस्तिका फक्त इंग्रजीत येते, आणि यंत्र रोज हाताळणाऱ्या बाईला ती वाचता येत नाही. ही तिसरी तक्रार आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. मी सगळ्या सूचना मराठीत लिहून भिंतीवर लावल्या.

जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेत खरी कसोटी लागते. यंत्रातून निघालेला पाउच आतून ओला असेल तर तो निर्जंतुक समजायचा नाही, पुन्हा पहिल्यापासून निर्जंतुक करायचा. ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. पहिल्या पावसाळ्यात खालच्या ट्रेमधले काही पाउच दमट यायचे. मावशींबरोबर उभी राहून पाहिलं तर ट्रे खच्चून भरलेले, पाउच आडवे एकावर एक. आता ते रॅकमध्ये उभे लागतात, कागदाची बाजू शेजारच्या प्लॅस्टिकच्या बाजूकडे, मध्ये बोटभर फट, आणि वाळवायचा वेळ पावसाळ्यापुरता वाढवला आहे. तेव्हापासून कोरडे येतात. दार उघडल्यावर लगेच बाहेर काढून गार फरशीवर ठेवायचे नाहीत, आतच थोडे निवू द्यायचे. नंतर बंद कपाटात, सिंकखाली कधीच नाही.

आणि हे सगळं धुतलेल्या हत्यारासाठी. वाळलेल्या रक्ताच्या खाली वाफ पोचत नाही. आधी पाण्यात भिजवणं, अल्ट्रासॉनिक (ध्वनिकंपनांनी हत्यारांवरचा मळ काढणारं यंत्र), ब्रश, स्वच्छ पाणी, पुसणं. सांधे उघडे ठेवून पाउच. हँडपीसला कंपनीनं सांगितलेलं तेल. यंत्राची ऑर्डर देतानाच अल्ट्रासॉनिक आणि सीलिंग मशीन धरा, नाहीतर महागडं ऑटोक्लेव्ह फक्त मळ शिजवत बसेल.

कागदपत्रांत दोन गोष्टी पाहा. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली आता सगळी उपकरणं येतात, तेव्हा त्या नियमांखालचा परवाना क्रमांक मागा आणि त्यावर तेच मॉडेल आहे का ते वाचा. सीई हे युरोपीय चिन्ह दाखवलं तर त्यासोबत चार आकडी क्रमांक हवा. तो तपासणाऱ्या संस्थेचा असतो. नुसतं सीई छापलेलं स्टिकर पाहून मी एका दुकानातून उठून आले. दाब असताना दार उघडणारच नाही असं इंटरलॉक आहे का, सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे आहे, हे हातानं पाहा, विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर सोडू नका. १३४ अंशांची वाफ तोंडावर आली तर काय होतं ते मी बर्न्स वॉर्डमध्ये पाहिलं आहे.

सर्व्हिसबाबत मी विक्रेत्याकडून लिहून घेतलं: तंत्रज्ञ मुंबईत राहणारा हवा, दाराचं सिलिकॉन गॅस्केट आणि हवेचा जिवाणू-फिल्टर त्यांच्याकडे कायम शिल्लक हवा, वर्षातून एकदा तापमान आणि दाबाचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्रासह, आणि यंत्र दोन दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलं तर बदली यंत्र. शेवटच्या अटीला ते बराच वेळ तयार नव्हते. गेल्या गणपतीच्या आठवड्यात दार बंद झाल्याचं सेन्सर ओळखेना, गिरगावात रस्ते बंद, तरी त्यांचा मुलगा चर्नी रोडवरून हत्यारांची पेटी घेऊन चालत आला आणि त्याच संध्याकाळी यंत्र चालू करून हेलिक्स लावून दाखवून गेला. त्या मुलाला माझे पूर्ण गुण.

बऱ्याच नव्या डॉक्टरांना सेकंडहँड क्लास बी स्वस्तात मिळतं, ते घ्यावं का असं सुनेच्या मैत्रिणी मला विचारतात. चालेल, पण यंत्र थंड आणि कोरडं असताना त्याची व्हॅक्यूम लीक टेस्ट तुमच्यासमोर लावायला सांगा. हवा ओढून घेतल्यावर १० मिनिटांत दाब मिनिटाला १.३ मिलिबारपेक्षा जास्त चढायला नको. त्याचा प्रिंट घ्या, मग हेलिक्स लावा, मग तुमच्या पाउचचा भरलेला लोड. दार उघडल्यावर चेंबरच्या तळाशी बोट फिरवा. पांढरा थर आला तर पाण्याची टाकी आणि नळ्यांची साफसफाई किमतीतून वजा करा. लीक टेस्टला नाही म्हणाले तर घेऊ नका.